‘शॅल’ म्हणजे ‘करील’ की ‘केलेच पाहिजे’?

राज्ये तलवारीने मिळत असतील, पण चालतात ती शब्दांनी. आणि त्यातही ज्या लहानसहान क्रियापदांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांच्याच हाती बहुधा प्रजेचे बरेवाईट असते. इंग्रजी भाषेतील ‘शॅल’ हे असेच एक क्रियापद आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला ते मुलांस छळते व पुढे आयुष्यभर विसरले जाते. परंतु याच शब्दाच्या अर्थावर कोणाचा गुन्हा नोंदला जाईल, कोणाच्या मुलास शाळा मिळेल आणि कोणत्या अधिकाऱ्यास जाब विचारता येईल, हे ठरत असते. मराठी वृत्तपत्राने इंग्रजी क्रियापदाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर सोपे आहे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये, संसद अन्यथा ठरवीत नाही तोपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांची आणि कायद्यांच्या अधिकृत पाठाची भाषा इंग्रजी आहे. राज्याचा कायदा मराठीत मंजूर झाला तरी त्याचा इंग्रजी अनुवादच अधिकृत पाठ मानला जातो. तेव्हा ज्या शेतकऱ्याने वा मजुराने आयुष्यात इंग्रजीचे एक अक्षर वाचले नाही, त्याचेही हक्क अखेर या ‘शॅल’च्या खुंटीला टांगलेले आहेत. ती खुंटी किती भक्कम आहे हे पाहणे आमचे कर्तव्यच होय.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहू. प्राचीन इंग्रजीत या धातूचा मूळ अर्थ ‘मी देणे लागतो’ असा होता. जर्मन भाषेत कर्ज व दोष या दोहोंस जो शब्द आहे, तो याच कुळातला. म्हणजे आरंभी हा शब्द ऋणाचा होता. ऋणापासून कर्तव्य आणि कर्तव्यापासून भविष्यकाळ असा त्याचा प्रवास झाला. कारण जे देणे आहे ते पुढे कधीतरी द्यावयाचेच असते. १६५३ साली जॉन वॉलिस नामक पंडिताने व्याकरण लिहून असा नियम सांगितला की, प्रथमपुरुषी ‘शॅल’ आला तर तो साधा भविष्यकाळ समजावा, आणि द्वितीय व तृतीयपुरुषी आला तर ती आज्ञा, वचन किंवा धमकी समजावी. ‘विल’ या शब्दाचे नेमके याच्या उलट. या नियमाची थट्टा करणारी एक गोष्ट इंग्रजी शाळांत फार दिवस सांगितली जात असे. पाण्यात पडलेला एक परदेशी मनुष्य ‘मी बुडणार, मला कोणी वाचविणार नाही’ असे म्हणू पाहतो; पण ‘शॅल’ व ‘विल’ यांची अदलाबदल झाल्यामुळे त्याच्या वाक्याचा अर्थ ‘बुडण्याचा माझा निश्चय आहे, मला कोणी वाचविता कामा नये’ असा होतो, आणि काठावरचे व्याकरणप्रिय लोक त्यास बुडू देतात! गोष्ट हसण्याची खरी. परंतु शब्दाच्या अर्थावर बोट ठेवून बुडत्यास बुडू देण्याचा हा प्रकार केवळ शाळेच्या पुस्तकात राहिलेला नाही, हे पुढे दिसून येईल.

बोलण्यात हा शब्द आता मावळत चालला आहे. ‘जायचे का?’, ‘दार उघडू का?’ अशा विनयाच्या प्रश्नांपुरता तो घरात उरला आहे. त्याचे खरे ठाणे आता कायद्याच्या पुस्तकांत आहे. आणि तेथे एकाच वेषात तो निदान चार सोंगे घेतो. कोठे ‘केलेच पाहिजे’ अशी आज्ञा. कोठे ‘करण्यास मुभा आहे’ अशी परवानगी. कोठे ‘या शब्दाचा अर्थ असा समजावा’ अशी नुसती व्याख्या. आणि कोठे ‘होईल तितके करू’ असे आश्वासन. आज्ञेच्या वेषात परवानगी कशी शिरते याचे जुने उदाहरण इंग्लंडातले आहे. १८४० च्या एका चर्चविषयक कायद्यात, पाद्र्याविरुद्ध तक्रार आल्यास चौकशी नेमणे बिशपास ‘शॅल बी लॉफुल’, म्हणजे कायदेशीर असेल, असे शब्द होते. ऑक्सफर्डच्या बिशपाने चौकशी नेमण्याचे नाकारले. तंटा हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १८८० साली निकाल झाला की, हे शब्द बिशपास अधिकार देतात. त्यांनी आपोआप कर्तव्य लादले जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली एका निकालात मान्य केले की, ‘शॅल’चा अर्थ सामान्यतः बंधनाचा असला तरी कायदे लिहिणारे लोक तो ‘करावे’, ‘करील’, किंबहुना ‘करू शकेल’ याही अर्थांनी वापरतात. ज्यांनी अर्थ लावावयाचा तेच असे म्हणू लागल्यावर सामान्य मनुष्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

या संदिग्धतेची किंमत कोण भरतो, हे अमेरिकेतील कॅसल रॉक गावच्या खटल्यावरून कळते. कोलोरॅडो राज्यातील या गावी एका मातेने आपल्या विभक्त पतीविरुद्ध न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला होता. हुकूम मोडणाऱ्यास पोलिसांनी अटक करावी, असे त्या राज्याच्या कायद्यात ‘शॅल’ शब्द घालून लिहिलेले होते. जून १९९९ मध्ये त्या पतीने हुकूम डावलून तीन मुलींस नेले. मातेने पोलिसांस पुनःपुन्हा कळविले. वाट पाहा, असे उत्तर मिळत गेले. पहाटे तो मनुष्य पोलिसठाण्यासमोर येऊन गोळ्या झाडू लागला व मारला गेला. तिन्ही मुलींचे मृतदेह त्याच्या गाडीत सापडले. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, कायद्यात ‘शॅल’ असला तरी पोलिसांस तारतम्य वापरण्याची दीर्घ परंपरा आहे. म्हणून हुकुमाची अंमलबजावणी व्हावीच असा घटनासिद्ध हक्क त्या मातेस पोहोचत नाही. कायदा छापणाऱ्याने ‘शॅल’ लिहिला, तो वाचून मातेने भरवसा ठेवला, आणि भरवसा ठेवणारीच बुडाली.

याच्या उलट बलवानांस या शब्दाचे वजन किती अचूक ठाऊक असते तेही पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे हवामानविषयक कराराचा अंतिम मसुदा सर्व राष्ट्रांपुढे आला, तेव्हा विकसित राष्ट्रांनी वायूंचे उत्सर्जन घटविण्यात पुढाकार घ्यावा, या वाक्यात ‘शॅल’ शब्द आढळला. अमेरिकेने तत्काळ हरकत घेतली. कारण तो शब्द राहता तर करार बंधनकारक ठरून सिनेटच्या संमतीचा प्रश्न उभा राहिला असता. अखेरची बैठक खोळंबली, आणि शेवटी ‘शॅल’ जाऊन त्या जागी ‘शुड’ हा सौम्य शब्द बसला. जगातील सर्वांत प्रबळ राष्ट्र एका शब्दाकरिता अडून बसते आणि तो बदलून घेते. सामान्य प्रजेच्या वतीने असा शब्द तपासून घेणारा मात्र कोणी नसतो. कायदा होऊन गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ न्यायालयात जाऊन, पदरचे पैसे खर्चून, वर्षानुवर्षे थांबून, तिला समजावून घ्यावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा विषय घ्यावयाचा तर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा घ्यावा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात यासंबंधी विधेयक मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्ती या शब्दाचा अर्थ त्या दंडाने स्पष्ट केला. त्यावर भाष्यकाराची गरज उरली नाही.

पुढे स्वराज्य आले आणि संविधानाची रचना सुरू झाली. मसुद्याच्या ३६ व्या कलमात आरंभी असे शब्द होते की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे शब्द गाळण्याची सूचना आली. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे, तेथे हक्काची भाषा विसंगत दिसते, असे सूचना मांडणाऱ्याचे म्हणणे होते. व तर्कदृष्ट्या ते खोटे नव्हते. सूचना डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली. हक्क गेला, आणि उरले ते इतकेच की, संविधान सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. इंग्रजीत ‘शॅल’ शाबूत राहिला. परंतु त्याच्या शेजारी ‘प्रयत्न’ येऊन बसला, आणि ३७ व्या अनुच्छेदाने हे सर्व न्यायालयाच्या हुकमतीबाहेर ठेवले. पाहा, त्याच ३७ व्या अनुच्छेदात ही तत्त्वे अमलात आणणे हे राज्याचे कर्तव्य असेल, असेही ‘शॅल’नेच सांगितले आहे. एकाच वाक्यात एक ‘शॅल’ न्यायालयाचे दार बंद करतो व दुसरा कर्तव्याचा उपदेश करतो. कोणता ‘शॅल’ अधिक पाळला गेला हे निराळे सांगावयास नको.

दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. मुले शाळेबाहेरच राहिली, आणि कोणावर खटला झाला नाही, कारण होऊच शकत नव्हता. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, तेव्हा कोठे चक्र हलले. २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती होऊन २१-क हा अनुच्छेद आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस राज्य मोफत व सक्तीचे शिक्षण देईल, हा आता मूलभूत हक्क झाला. पण येथेही शब्दांचा खेळ संपला नाही. केंद्र सरकार ठरवील त्या दिवशी दुरुस्ती अमलात येईल, असे तिच्यातच लिहिले होते. तो दिवस उजाडला १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे ‘प्रयत्न करील’पासून ‘देईल’पर्यंत पोहोचण्यास साठ वर्षे लागली. सहा वर्षांखालील बालकांच्या वाट्यास तर ४५ व्या अनुच्छेदात अजूनही तोच जुना ‘प्रयत्न करील’ आहे. या साठ वर्षांत ज्यांच्या हाती पाटीऐवजी खुरपे आले, त्यांनी व्याकरणाचा कोणता अपराध केला होता?

असे म्हणता येईल की, मार्गदर्शक तत्त्वांची गोष्ट निराळी. बरे, मग जेथे न्यायालयाचे दार उघडे आहे तेथील स्थिती पाहू. सरकारी नोकरास शिक्षा करण्यापूर्वी लोकसेवा आयोगाचा विचार घ्यावा, असे ३२० व्या अनुच्छेदात ‘शॅल’ शब्दानेच म्हटले आहे. १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा ‘शॅल’ बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असे ठरविले. याच्या उलट, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदली पाहिजे, असे सांगणाऱ्या फौजदारी संहितेच्या १५४ व्या कलमातील ‘शॅल’ बंधनकारकच आहे, असा निर्णय १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दिला. निर्णय उत्तम, परंतु १५४ हे कलम १८९८ च्या संहितेतही होते. ठाण्याच्या पायरीवरून परत पाठविल्या गेलेल्या गोरगरिबांच्या पिढ्या उलटल्यावर त्यातील एका शब्दाचा निर्विवाद अर्थ लागला. आणि लागतो न लागतो तोच, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ‘मे’ या दुसऱ्या क्रियापदाने देण्यात आली. ‘शॅल’ने दिलेले ‘मे’ने काही अंशी परत घेतले.

येथे एक पूर्वपक्ष न्यायाने मांडला पाहिजे. कायद्यातील प्रत्येक ‘शॅल’ लोखंडी मानला तर कधी कधी निरपराधीच भरडला जातो. १९१७ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कॅनडातील एक अपील आले. ज्यूरीच्या याद्या दरसाल दुरुस्त कराव्यात असा कायदा असून अधिकाऱ्याने त्या केल्या नव्हत्या. म्हणून ज्यूरीचा निकालच रद्द करा, असे हरलेल्या पक्षाचे म्हणणे. कौन्सिलाने ते नाकारले; कारण अधिकाऱ्याच्या चुकीपायी खटल्यांमागून खटले रद्द होऊन ज्यांचा काडीचा दोष नाही असे लोक नागवले गेले असते. हे आम्हांस मान्य आहे. आपल्या मीमांसकांनीही वाक्याचे बाह्य रूप व खरा हेतू यांत भेद केला आहे. विधी कोणता आणि केवळ स्तुतिपर अर्थवाद कोणता हे त्यांनी निवडले. पाच नखांचे पाच प्राणी भक्ष्य आहेत, हे वचन रूपाने खाण्याची आज्ञा दिसले तरी त्याचा हेतू इतर प्राणी निषिद्ध करण्याचा आहे, असे त्यांनी दाखविले. तेव्हा न्यायाधीशाने हेतू शोधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, कायदा लिहिणाऱ्याने स्वतः जे स्पष्ट सांगावयाचे ते न सांगता न्यायाधीशाच्या गळ्यात बांधू नये. अधिकाऱ्याने कर्तव्य चुकविल्यास केलेले काम रद्द व्हावे, की काम कायम राहून अधिकाऱ्यास दंड व्हावा, हे कायद्यातच लिहिता येते. मोघमपणा म्हणजे दयाळूपणा नव्हे.

हे अशक्यही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या हंगामी संविधानात ‘शॅल’ जागोजाग होता. १९९६ च्या कायम संविधानात त्याची जागा ‘मस्ट’, म्हणजे ‘केलेच पाहिजे’, या निःसंदिग्ध शब्दाने घेतली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी नियम २००७ साली नव्याने लिहिले गेले, तेव्हा ‘शॅल’ काढून त्या त्या ठिकाणी बंधन, मुभा अथवा सल्ला यांपैकी जे अभिप्रेत होते ते उघड लिहिण्यात आले. खुद्द इंग्लंडातील सरकारी मसुदाकारही हा शब्द शक्यतो टाळतात. आपण मात्र २०२३ साली वसाहतकालीन कायद्यांचे ओझे उतरविण्याची घोषणा करून नव्या फौजदारी संहिता लिहिल्या, आणि त्यांत ‘शॅल’ पूर्ववत पेरला. कलमांचे आकडे बदलले. क्रियापद तेच राहिले.

मराठीत तरी काय केले? इंग्रजीतला ‘शॅल’ दिसला की ‘करील’, ‘असेल’, ‘राहील’ असा भविष्यकाळ लिहून अनुवादक मोकळा होतो. ‘राज्य अमुक करील’ हे वाक्य वाचून खेड्यातील मनुष्यास ते आज्ञेसारखे मुळीच वाटत नाही. ते त्यास एखाद्या ज्योतिषाच्या भाकितासारखे वाटते. आमचा विध्यर्थही निर्दोष नाही. ‘करावे’ यात आज्ञा, इच्छा, सल्ला व शक्यता एकत्र नांदतात. परंतु ‘केलेच पाहिजे’, ‘करता कामा नये’, ‘करता येईल’, ‘करणे इष्ट’ ही वाक्ये आमच्या भाषेत आहेत, आणि त्यांचा भेद निरक्षर मनुष्यासही कळतो. घरमालकाने ‘भाडे पहिल्या तारखेस दिलेच पाहिजे’ म्हटले, तर भाडेकरू अर्थ विचारण्यास वकिलाकडे जात नाही. मग सरकारनेच प्रजेशी भाकिताच्या भाषेत का बोलावे?

तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी विनाविलंब झाल्या पाहिजेत. पहिली, महाराष्ट्राच्या विधानमंडळाने आपले कायदे आधी मराठीत रचावेत, व त्यांत बंधन, मुभा आणि सल्ला यांसाठी ठरीव व निरनिराळे शब्दप्रयोग ठेवावेत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाचा हेतू नुसत्या पाट्या व टिप्पण्या मराठीत करण्यापुरता असेल असे आम्हांस वाटत नाही. दुसरी, राज्याच्या कायद्यांच्या मराठी पाठास इंग्रजीच्या बरोबरीचा दर्जा मिळावा म्हणून संसदेकडे नेटाने मागणी करावी. ३४८ व्या अनुच्छेदात त्यास वाट ठेवलेली आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, जेथे ‘केलेच पाहिजे’ लिहावयाचे तेथे कोणी, किती दिवसांत, आणि न केल्यास काय, हेही लिहावे. हे करता येते, याचा दाखला २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात आहे. तीस दिवसांत माहिती. जीवितास वा स्वातंत्र्यास धोका असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. जबाबदार अधिकारी नेमलेला. आणि उशीर केल्यास दर दिवशी २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती. या कायद्याच्या अंमलातही उणिवा पुष्कळ आहेत. परंतु त्यातील ‘शॅल’चा अर्थ काय, असा प्रश्न कारकुनास पडत नाही, कारण अर्थ त्याच्या पगाराशी बांधलेला आहे. शाहू छत्रपतींच्या एक रुपयाच्या दंडाचेच हे वंशज होय.

ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मी देणे लागतो’ असा, त्याचा ‘जमल्यास देईन’ असा अर्थ होऊ द्यावयाचा की नाही, हा प्रश्न पंडितांवर सोडून भागणार नाही. सावकाराने कुळाकडून लिहून घेतलेल्या कागदात कधी मोघम शब्द सापडत नाही. रक्कम, मुदत व व्याज ही तिन्ही तेथे स्पष्ट असतात. राज्य प्रजेचे जे देणे लागते त्याचा कागद याहून ढिला का असावा? यापुढे निवडून दिलेल्या प्रतिनिधीने ‘अमुक कायदा केला’ म्हणून सांगितले, की मतदारांनी त्यास एकच प्रश्न विचारावा: त्यात ‘करील’ लिहिले आहे, की ‘केलेच पाहिजे’?